पश्चात्तापाला इंग्रजीत काय म्हणतात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. आपल्या चेक फौजदारी कायद्यातले तीनशे शब्द, त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द, छोटं पुस्तक, आणि वर माझं नाव: वेंडेलीन कुबालेक. प्रकाशनाचे संपादक शेबेस्टा फोनवर म्हणाले, "ब्रनोत हे काम करू शकतील अशी माणसं दोनच आहेत." दुसरा कोण ते मी विचारलं नाही. उगाच कुणाला ओशाळवाणं व्हायला नको.

मुदत ३१ मार्च. दिवसाला वीस शब्द, म्हणजे पंधरा दिवसांत काम खलास. उरलेला वेळ प्रस्तावनेला. प्रस्तावना लांब हवी.

ब्लाझेनाला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कुठल्याही उत्साहाकडे ताप आल्यासारखी बघते. म्हणाली, "वेंडा, रोज पाच घे. झेपले तर वाढव."

सत्तावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, अकरा वर्षं कोर्टाचा शपथ घेतलेला अनुवादक आहे, ड्रॉवरमध्ये गोल शिक्का आहे. आणि बायको डोस सांगते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

यादीच्या सुरुवातीपासून सुरुवात करायची नाही असं ठरवलं. ते कारकुनी काम. सर्वांत अवघड शब्द आधी. डोंगर चढून गेलं की टेकड्या काय, उतरताना लागतातच.

शब्द: ऊचिना लीतोस्त. शब्दशः, परिणामकारक पश्चात्ताप. गुन्हा करणाऱ्याला वेळेत उपरती झाली आणि त्यानं आपण होऊन नुकसान टाळलं किंवा भरून काढलं, तर त्याला शिक्षाच नाही. कायद्यातलं सर्वांत सुंदर कलम. इंग्रजीत दुपारपर्यंत होईल.

दुपारी ३. 'इफेक्टिव्ह रिपेंटन्स'? खोकल्याचं औषध वाटतं. 'ॲक्टिव्ह रिपेंटन्स'? ज्वालामुखी. 'इफेक्टिव्ह रिग्रेट'? सामान हरवल्यावर विमान कंपनीचं पत्र येतं, तसं.

आज शून्य शब्द. पण विचार खोल झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शून्य. उद्यापासून दिवसाला तीस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत चुकत होती. नवी वही आणली, रंगीत पेन्सिली आणल्या. हिरवा म्हणजे झालेला शब्द, लाल म्हणजे वादग्रस्त. संध्याकाळपर्यंत सगळी यादी रंगवून झाली. दोनशे नव्याण्णव लाल. 'खून' हिरवा.

जिन्यात हूल्का भेटले. खालच्या मजल्यावर राहतात, चाळीस वर्षं गुन्हे शाखेत होते, आता टोमॅटोची रोपं वाढवतात. त्यांना विचारलं, खरा पश्चात्ताप झालेले गुन्हेगार पाहिलेत का?

म्हणाले, "ढीगभर. पकडल्यावर."

"आणि पकडण्याआधी?"

बराच वेळ आठवत राहिले. "एक होता. रडत रडत स्वतःहून आला चौकीत. पण चोरी त्यानं केलीच नव्हती. बायकोवर रागावून आला होता."

व्यवहारी माणसांकडून व्याख्या मिळत नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्याचा सल्ला घेतला. फर्गल टिअर्नी. आयरिश आहे, कंपन्यांतल्या कारकुनांना इंग्रजी शिकवतो. ब्रनोत नऊ वर्षं काढून त्याला चेक भाषेतली दोनच वाक्यं येतात: "आणखी एक बिअर" आणि ट्राममधल्या तपासनिसासाठी "माझं तिकीट हरवलं." बाकी सज्जन.

ऊचिना लीतोस्त त्याला तासभर समजावली. तो म्हणाला, "आमच्या गावात याला कन्फेशन म्हणतात. शनिवारी चार ते पाच, चर्चच्या मागच्या दारानं."

मी म्हटलं, कायदा आणि धर्म वेगळे. तो म्हणाला, बिअर संपली.

त्याला दर गुरुवारी भेटायचं ठरवलं. कामासाठी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी

सिमोना वात्सुलीकोवाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. इंग्रजीतल्या 'ए' आणि 'द' मध्ये आयुष्यभर चाचपडणार अशी माझी खात्री होती. तिला चौथी श्रेणी दिली होती (आमच्याकडे पहिली सर्वांत वरची, पाचवी म्हणजे नापास). पाचवीच द्यायची, पण वर्गात एकटीच नापास झाली असती. आता तीही कोर्टाची अनुवादक आहे. काय दिवस आलेत.

म्हणाली (हायस्कुलातल्या शिक्षकालाही इथे प्रोफेसरच म्हणतात), "प्रोफेसर, तुम्ही शब्दांचं पुस्तक करताय असं ऐकलं. मदत करू का? मला वेळ आहे."

मी विषय बदलला. विचारलं, 'वाझ्बा' तू कसा करतेस? (आरोपीची कोठडी म्हणजे वाझ्बा, आणि पुस्तकाची बांधणीही वाझ्बाच. परवा एका मशीननं केलेलं भाषांतर पाहिलं: 'आरोपी तीन महिने पुठ्ठ्याच्या बांधणीत होता.') तिला या शब्दाची सगळी वंशावळ सांगितली. चाळीस मिनिटं. पोरीनं शांतपणे ऐकलं.

मग म्हणाली, "मी 'कस्टडी' लिहिते."

"बस? संपलं?"

"पुढच्या पानावर जायचं असतं ना, प्रोफेसर."

दया आली.

५ मार्च, बुधवार

एकूण अकरा शब्द. शेबेस्टांचा फोन: काम कुठवर आलं? म्हटलं, पाया भरून झाला. म्हणाले, पहिले पन्नास पाठवा, बघतो. म्हटलं, शिजता भात कुणी भांड्यातून काढून दाखवत नाही. म्हणाले, "कुबालेक, तो भात मला छापायचाय."

यापुढे फोन उचलायचा नाही. एकाग्रता.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

काल संध्याकाळी जे घडलं त्याची निःपक्षपाती नोंद. पुढे उपयोगी पडेल.

फर्गलसोबत नेहमीच्या पबमध्ये बसलो होतो. विषय: चोरी आणि लूट. तो म्हणाला, पबमध्ये दोन्ही एकच, नेलं म्हणजे नेलं. इतकं अज्ञान मला सोसत नाही. बाजूच्या टेबलावर शिकारी मंडळाची बैठक चालू होती. त्यांच्यातला एक म्हाताराबुवा, नाव झाप्लेताल हे नंतर कळलं, त्याची हिरवी टोपी खुंटीवर होती. टोपीत रानबकऱ्याच्या केसांचा तुरा.

मी म्हटलं, फर्गल, बघ. मालकाचं लक्ष नसताना खुंटीवरून उचलली, ही चोरी. उचलली. कुणालाही कळलं नाही. परत ठेवली. फर्गलनं टाळ्या वाजवल्या.

मग झाप्लेतालांनी टोपी डोक्यावर घातली.

आता, लूट म्हणजे बळ वापरून, प्रत्यक्ष माणसाकडून. प्रात्यक्षिक अर्ध्यावर सोडणं शिक्षकाच्या रक्तात नाही. मी तीन बिअर घेतल्या होत्या. (वेटरच्या चिठ्ठीवर सहा रेघा होत्या. त्याचं अक्षर वाईट आहे.) मी मागून गेलो आणि आगाऊ सूचना न देता टोपी ओढली.

म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांनी धरली. अपेक्षेपेक्षा ताकद निघाली. ओढाताणीत टोपी त्यांच्या शेजाऱ्याच्या आतड्यांच्या सूपात पडली. टेबलाखालून डॅक्सहुंड कुत्रा निघाला, त्यानं माझी पँट धरली. फर्गल भांडण सोडवायला उठला, तोल गेला, आधाराला काचेचं कपाट धरलं. त्यात पेंढा भरलेला रानकोंबडा होता, १९६४ सालचा. तो बैठकीच्या मधोमध उतरला. काच सगळीकडे.

पोलीस आले. पोलीसबाईंनी फर्गलला विचारलं, काय झालं? तो सरळ उभा राहून म्हणाला, "माझं तिकीट हरवलं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी शांतपणे स्पष्ट केलं की तांत्रिकदृष्ट्या हा शैक्षणिक हेतूनं केलेला लुटीचा प्रयत्न होता.

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अक्षर सुरेख.

१५ मार्च, शनिवार

हूल्कांना सगळं सांगितलं. रोपांना पाणी घालत होते. झारी खाली ठेवली.

"लूट हा शब्द तुम्ही वापरलात? तुम्ही स्वतः?"

"व्याख्या अचूक हवी म्हणून."

"अहो कुबालेक, चाळीस वर्षांत आरोपी कलम कमी करून घ्यायला धडपडताना पाहिले. वाढवून घेणारे तुम्ही पहिले."

पोलिसांनी लूट धरलेली नाही असं त्यांनी जुन्या सहकाऱ्याला फोनवर विचारून सांगितलं. संशय आहे तो सार्वजनिक ठिकाणी दांडगाई केल्याचा. माझ्या यादीत दोनशे एक्याऐंशी क्रमांकाचा शब्द. चार वर्षं या शब्दाच्या इंग्रजीवर माझा एक लेख मनात तयार आहे. आता आतून अनुभव मिळतो आहे. किती अनुवादकांना मिळतो?

ब्लाझेनाला हे सांगितलं. तिनं भांडी घासणं थांबवलं. म्हणाली, "गुन्हा सिद्ध झाला तर चारित्र्याचा दाखला जाईल. दाखला गेला की शिक्का गेला. आणि त्या आयरिश पोराची नोकरी जाईल ती वेगळी. वेंडा, तू हसतोयस कशाला?"

हसत नव्हतो. ओठ तसे झाले होते.

१६ मार्च, रविवार

शिक्का ड्रॉवरमधून काढून पाहिला. जागेवर आहे.

१७ मार्च, सोमवार

झोपून उठल्याबरोबर सुचलं. इतके दिवस समोर असून दिसलं नाही. ऊचिना लीतोस्त! माझ्याइतका त्या कलमाचा अभ्यास या शहरात कुणाचा आहे? पश्चात्ताप व्यक्त करतो, प्रकरण मिटतं, शिक्का राहतो. फर्गललाही माझ्या पश्चात्तापात घेईन.

निवेदन लिहायला बसलो. पहिली दोन पानं: पश्चात्तापाचा इतिहास.

ब्लाझेना म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन ये ना. टोपीचं काय झालं विचार."

म्हटलं, आधी मांडणी. मग भेट.

२० मार्च, गुरुवार

निवेदन सहा पानांवर. ब्लाझेना काल संध्याकाळी उशिरा आली, विचारलं तर म्हणाली, ड्रायक्लीनरकडे गेले होते. आमच्याकडे ड्रायक्लीन करण्यासारखं काही नाही. असो. बायकांची कामं.

फर्गलचा फोन. तो ज्या भाषाशाळेकडून शिकवतो तिनं त्याला सध्या घरी बसवलं आहे. त्याला धीर दिला. म्हटलं, नऊ पानांपर्यंत थांब.

२४ मार्च, सोमवार. दुपारी

पोलीस ठाण्यात जबाब. त्याच पोलीसबाई. नऊ पानं दिली. त्यांनी सगळी वाचली, मला कौतुक वाटलं. मधे एकदा कॉफी आणली. मग म्हणाल्या, "साहेब, या कलमाखाली गुन्ह्यांची यादी आहे. त्या यादीतल्या गुन्ह्यांनाच हे लागू होतं. दांडगाई त्यात नाही."

मी म्हटलं, असं होणार नाही. त्यांनी कायद्याचं पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

यादी आहे. लांब आहे. दोनदा वाचली. मूल टाकून देणं आहे, साथीचा रोग पसरवणं आहे. टोपी नाही.

घरी येऊन माझी प्रत पाहिली. पहिल्या ओळीखाली मी तीन रंगांत रेघा मारल्या आहेत. यादीचं पान कोरं करकरीत.

कलम लिहिणाऱ्यांनी यादी ठळक अक्षरात द्यायला हवी होती.

३१ मार्च, सोमवार

मुदतीचा दिवस. चौदा शब्द. पैकी दोन तात्पुरते.

शेबेस्टांना मीच फोन केला. आठवडाभर जास्त मागणार होतो. म्हणाले, "अहो, तुम्ही फोन उचलत नव्हतात. मी दहा मार्चला वात्सुलीकोवाबाईंना काम दिलं. त्यांनी गेल्या शुक्रवारी पाठवलं. तीनशेच्या तीनशे."

म्हटलं, उत्तम.

फोन ठेवला. बरं झालं. छोटं पुस्तक माझ्या प्रकृतीचं नव्हतंच. मी आता मोठा कोश करेन. तीन खंड. दिवसाला दोन शब्द जरी केले...

जेवलो नाही. भूक नव्हती. ब्लाझेना शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या पेन्सिली टोकून ठेवल्या. सगळ्या. लालसुद्धा.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळी हूल्का विलोच्या काड्यांची वेणी घेऊन आले, रिवाजाप्रमाणे ब्लाझेनाला दोन हलक्या छड्या मारल्या, रंगवलेलं अंडं घेतलं, एक पेला स्लिवोविट्सा घेतली आणि दारातच बातमी दिली. पोलिसांनी फाइल महापालिकेकडे पाठवली आहे. हा गुन्हाच नाही. किरकोळ उपद्रव.

"किरकोळ?" मी विचारलं.

"किरकोळ. एक सुनावणी, संपलं. दाखला साफ, शिक्का साफ."

मला जरा लागलं. काच फुटली होती, पक्षी पडला होता, पोलीस आले होते. त्या सगळ्याला किरकोळ?

ब्लाझेना आत गेली. बऱ्याच वेळानं स्वयंपाकघरात पाहिलं तर खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. कांदा चिरतेस का विचारलं. म्हणाली, हो. कांदा कुठे दिसला नाही.

तिच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलावं सुचेना. तिन्ही भाषांत.

(तिसरी जर्मन.)

५ मे, सोमवार

उद्या सुनावणी. भाषण तयार. निवेदनाचा गाभा घेतला, इतिहास गाळला. नऊ मिनिटं. आरशासमोर आठ मिनिटं चाळीस सेकंद. फर्गलला दुभाषा लागणारच, तेव्हा त्याच्यासाठी मी जागच्या जागी इंग्रजी करेन. आपलंच भाषण आपणच दोन भाषांत. प्रसंग गंभीर आहे, पण संधीही आहे.

६ मे, मंगळवार. संध्याकाळी ६

महापालिकेची लहानशी खोली, खिडकीत कोरफड. टेबलामागे झेझुल्कोवा नावाच्या अधिकारीबाई, स्वेटर घातलेल्या. एका बाजूला झाप्लेताल, कुत्र्यासकट. डोक्यावर तीच टोपी, धुतलेली, इस्त्री केलेली, तुरा विंचरलेला. मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "तुमच्या मंडळी आल्या होत्या मार्चमध्ये. दोनदा. दुसऱ्यांदा पुडिंगचा केक घेऊन. पबवाल्यांनाही काच बसवून दिली त्यांनी."

मला हे माहीत नव्हतं. मान हलवली, जणू मीच पाठवलं होतं.

फर्गलसाठी दुभाषाचं काम मी करतो असं जाहीर केलं. झेझुल्कोवा म्हणाल्या, "तुम्ही स्वतः आरोपात आहात, कुबालेक. बसा." दार उघडलं. सिमोना आली. पिशवीतून गोल शिक्का काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाली, "नमस्कार प्रोफेसर," आणि माझ्यासमोर नव्हे, फर्गलच्या शेजारी बसली.

मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. शिक्षक, शब्द, प्रात्यक्षिकाची गरज, टोपीचं कायदेशीर स्वरूप, खेद आणि पश्चात्ताप यांतला फरक, दोन्हींतला काळाचा संबंध. चौथ्या मिनिटाला कुत्रा झोपला. सातव्या मिनिटाला मी स्वतःच जरा अडखळलो, कारण झाप्लेताल माझ्याकडे अगदी साध्या चेहऱ्यानं बघत होते, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखे, ज्याला काही कळत नाही पण ऐकायचं असतं. मग पूर्ण केलं. बसलो. घाम आला होता.

फर्गलनं सिमोनाकडे पाहिलं. तिनं वहीत पाहिलं, वही मिटली आणि त्याला इंग्रजीत तीन शब्द सांगितले:

"ही इज सॉरी."

मी ताडकन उठलो. म्हटलं, हरकत! झेझुल्कोवांनी पेन थांबवलं. विचारलं, "भाषांतर चुकलं का, कुबालेक? तुम्हालाही इंग्रजी येतं. सांगा, चूक असेल तर दुरुस्त करून घेते."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. सिमोनासुद्धा. तिच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. टिंगल असती तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

मी व्याकरण तपासलं. कर्ता, क्रियापद, विशेषण. कुठेही 'ए' किंवा 'द' ची गरज नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

झाप्लेताल उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, "मग आधीच सांगायचं ना, राजा. जन्मभर शिकवलंत आणि एवढं बोलता येईना?" फर्गल काहीतरी पुटपुटला. सिमोना म्हणाली, "यांनाही वाईट वाटतंय." झेझुल्कोवांनी दोघांना ताकीद दिली, ती कागदावर लिहिली, शिक्का मारला आणि कोरफडीला पाणी घातलं. एकूण बावीस मिनिटं. त्यांतली नऊ माझी.

घरी आल्यावर ब्लाझेनानं विचारलं, काय झालं? म्हटलं, ताकीद. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मी तिला काही सांगणार होतो, केकबद्दल, काचेबद्दल. वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात ती ताटं घ्यायला गेली.

सिमोनाच्या भाषांतराविषयी कोर्टाच्या अनुवादक मंडळाकडे रीतसर तक्रार करणार आहे. नऊ मिनिटांच्या भाषणाचे तीन शब्द, हा व्यावसायिक निष्काळजीपणा आहे. मूळ भाषणातलं नेमकं काय काय गाळलं गेलं त्याची क्रमवार यादी सोबत जोडावी लागेल. पाच वाजल्यापासून बसलो आहे.

१.